लेकीचे शिनगार्ड आणि लुसी ब्राँझची नडगी

सहा महिने वापरून झाल्यावर लिहितेय, त्यामुळे नव्याची नवलाई यात नाही. माझी लेक तेरा वर्षांची, कोल्हापुरात फुटबॉल खेळते, राइट बॅकला, म्हणजे उजव्या बाजूची डिफेंडर. तिच्यासाठी आम्ही गेल्या वर्षी शिनगार्डच्या, म्हणजे नडगी वाचवायला बांधतात त्या पॅडच्या, एकापाठोपाठ एक तीन जोड्या घेतल्या, त्यातल्या पहिल्या दोन वाया गेल्या आणि तिसरी लागू पडली. मला खरं तिसरीबद्दलच लिहायचंय, पण पहिल्या दोघींचं सांगितल्याशिवाय तिसरी का चांगली ते कळणार नाही. आणि या सगळ्यात मधे मधे इंग्लंडची फुटबॉल खेळाडू लुसी ब्राँझ येणार, कारण गेल्या जुलैपासून आमच्या घरात जेवताना पण तिचंच नाव असतं.

कंपनीचं नाव लिहीत नाहीये. मला सांगायचंय ते कंपनीबद्दल नाही, प्रकाराबद्दल आहे, आणि मापाबद्दल. ते नीट बघून घेतलं तर कुठल्याही बऱ्या कंपनीचा चालेल असं माझं मत झालंय.

जूनमध्ये सरांनी यादी दिली, बूट, स्टॉकिंग, शिनगार्ड, पाण्याची बाटली. बुटांसाठी आम्ही दोन तास घालवले, चार जोड घालून बघितले, दुकानात चालून बघितलं, अंगठ्यापुढे किती जागा राहते ते दाबून बघितलं, आणि शिनगार्ड निघता निघता काउंटरवरच्या टोपलीतून उचलला. मी विचारलं यात साइज असते का, तर दुकानदार म्हणाले, "ताई सगळे सारखेच, मोज्याच्या आत जातंय, कोण बघतंय." १८० रुपये. मला पण ते पटलं, कारण मी शिनगार्ड म्हणजे गणवेशातला एक भाग असं समजत होते, टाय असतो तसा.

तो नुसता प्लॅस्टिकचा पत्रा होता. मागे पातळ स्पंज चिकटवलेला, वर खाली दोन इलॅस्टिकचे पट्टे. तिसऱ्या मॅचला एका पोराचा बूट तिच्या नडगीवर बसला आणि लाइनच्या बाहेर मला टक्क असा आवाज ऐकू आला. ती उठली, खेळली, मॅच संपवली. घरी येऊन स्टॉकिंग खाली केलं तर प्लॅस्टिक मधोमध उभं चिरलेलं, आणि चिरेची कड आत दाबली जाऊन नडगीवर सरळ रेघ उमटलेली, वीतभर नाही पण बोटाएवढी, रक्त आलेलं. म्हणजे जे वाचवायला घातलं होतं त्यानंच कापलं. हळद लावताना ती म्हणाली, "आई दुखत नाहीये गं," आणि मला एवढं वाईट वाटलं की बुटांसाठी दोन तास आणि याच्यासाठी दोन मिनिटं पण दिली नाहीत आपण.

तिच्या ग्रुपमध्ये पोरी चारच आहेत, बाकी पोरं. कोल्हापूरला फुटबॉलचं वेड किती आहे ते कोणाला सांगायला नको, शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी या इथल्या टीमची मॅच असली की पेठेत दुसरा विषय नसतो, पण ते वेड पोरांचं, पोरींना आत्ता आत्ता कुठे कोणी बूट घेऊन द्यायला लागलंय. त्यामुळे तिला टॅकल करायला समोर पोरंच असतात, वयानं दोन वर्षं मोठी पण असतात, आणि ती मुलगी आहे म्हणून कोणी पाय आखडता घेत नाही, घेऊही नये. म्हणूनच तिला नीट वस्तू पाहिजे.

आता जुलैची रात्र. १७ जुलै २०२५, बायकांच्या युरो कपची क्वार्टर फायनल, इंग्लंड आणि स्वीडन, झुरिकला. आपल्याकडे तेव्हा साडेबारा वाजून तारीख बदलली होती. दुसऱ्या दिवशी शाळा, तरी तिच्या बाबांनी बघू दिलं. पंचवीस मिनिटांत स्वीडनचे दोन गोल झाले, मी म्हटलं झालं आता, झोप. ती म्हणाली थांब. ७९ व्या मिनिटाला क्लोई केलीचा क्रॉस आला आणि लांबच्या खांबापाशी राइट बॅक, हो राइट बॅक, लुसी ब्राँझनं हेडर मारून गोल केला. दोन मिनिटांनी मिशेल अग्येमांगनं बरोबरी केली. मग एक्स्ट्रा टाइम, मग पेनल्टी, आणि त्या पेनल्टी म्हणजे अशा की दोन्हीकडून मिळून चौदा मारल्या आणि आत गेल्या पाच. इंग्लंडची सातवी मारायला ब्राँझ आली. मारायच्या आधी तिनं पायाला बांधलेली पट्टी ओढून काढली, फेकून दिली, आणि जीव खाऊन मारली. गोल. त्यानंतर स्वीडनची हुकली आणि इंग्लंड पुढे गेलं. माझी लेक पलंगावर उभी राहून तोंडावर हात दाबून ओरडत होती कारण आजी झोपलेल्या.

दुसऱ्या दिवसापासून एकच. मला ब्राँझसारखं व्हायचंय. त्याच्या आधी ती डिफेंडर होती ते सरांनी उभं केलं म्हणून. त्या रात्रीनंतर ती स्वतःहून डिफेंडर झाली, आणि हा फरक आई म्हणून मला दिसला.

तर दुसरी जोडी तिच्या हट्टानं आली. टीव्हीवर बघून बघून तिला कळलं होतं की मोठमोठे खेळाडू एवढेसे शिनगार्ड घालतात, तळहाताएवढे, स्टॉकिंग पण खाली घसरलेलं. तसले मिनी ऑनलाइन मिळतात. ४५० रुपयांना मागवले. दिसायला भारी, वजन नाहीच. सरांनी ते बघितले आणि तिला मैदानात उतरू दिलं नाही. मला बोलावून म्हणाले, "वहिनी, याच्यात नडगीचा पाव भाग झाकला जातोय, बाकीच्या तीन भागांचं काय करायचं?" मी म्हटलं मोठे खेळाडू घालतात ना. ते म्हणाले ते त्यांच्या जबाबदारीवर घालतात, हिची जबाबदारी माझ्यावर आहे.

नंतर मी वाचलं तर नियम पण तसाच आहे. फुटबॉलच्या नियमांमधला चौथा नियम खेळाडूच्या सामानाचा, त्यात शिनगार्ड सक्तीचा आहे, तो योग्य मटेरियलचा आणि बऱ्यापैकी संरक्षण देईल एवढ्या मापाचा पाहिजे आणि स्टॉकिंगनं झाकलेला पाहिजे. २०२४-२५ पासून त्यात हेही घातलंय की माप आणि योग्यता बघायची जबाबदारी खेळाडूची स्वतःची. आता तेरा वर्षांच्या पोरीची जबाबदारी म्हणजे कोणाची, आपलीच. रेफ्री मॅचच्या आधी पायावर टकटक करून बघतात आहे का नाही ते, पण केवढा आहे, चिरलाय का, उलटा घातलाय का हे तेवढ्यात त्यांना कसं कळणार.

हे वाचतानाच एक गंमतशीर गोष्ट मिळाली, तिच्या बाबांना सांगितली तर ते क्रिकेटवाले असल्यामुळे फार खूश झाले. शिनगार्ड आला क्रिकेटमधून. १८७४ साली नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या सॅम विडोसननं क्रिकेटचे पॅड कापून लहान केले आणि स्टॉकिंगच्या वरून बांधून फुटबॉल खेळायला उतरला. वरून, म्हणजे सगळ्यांना दिसेल असे.

तिसरी जोडी. ही ऑगस्टमध्ये घेतली, ७९० रुपये, आणि या वेळी आधी माप घेतलं. टेलरची टेप घ्या, पोरीला खुर्चीत बसवा, गुडघा काटकोनात. गुडघ्याच्या खाली दोन बोटं सोडायची, तिथून घोट्याचं हाड जिथे वर येतं त्याच्या थोडं वरपर्यंत मोजायचं. तिचं तेव्हा एकवीस सेंटिमीटर आलं. बऱ्याच पाकिटांवर साइज उंचीवरून दिलेली असते, एवढ्या उंचीला एस, एवढ्या उंचीला एम, पण उंची सारखी असली तरी पाय सारखे नसतात, माझ्या लेकीची उंची शरीराच्या मानानं पायातच आहे, उंचीवरून घेतला असता तर पुन्हा आखूडच आला असता. म्हणून दुकानात टेप घेऊन गेले आणि नुसतं कडक शेल, म्हणजे समोरचं टणक कवच, मोजलं, खालचं कापड धरून नाही. दुकानातला मुलगा बघत राहिला पण त्यानं तीन पाकिटं उघडून दिली, चांगला होता.

प्रकार म्हणजे घोट्याच्या कव्हरचा. समोर कडक शेल, आत जाड फोम, पोटरीच्या मागून दोन वेल्क्रोचे पट्टे, आणि खाली पायाच्या तळव्याखालून जाणारा इलॅस्टिकचा पट्टा, त्यालाच जोडून घोट्याच्या दोन्ही बाजूंना गोल पॅड. मोठी पोरं याला लहान मुलांचा प्रकार म्हणतात, त्यांना नुसतं शेल आवडतं, स्टॉकिंगच्या आत सरकवायचं आणि वरून टेप मारायची. पण डिफेंडरला, त्यातून राइट बॅकला, मी हाच सांगेन. कारण लाथ नडगीवर समोरूनच बसते असं नाही, लाइनजवळ बॉल अडवताना पाय आडवा जातो आणि मार घोट्यावर आतल्या बाजूनं बसतो, हे मी सहा महिने लाइनवर उभं राहून बघितलंय, तिच्या घोट्यावरच्या पॅडचं कापड शेलच्या कापडाच्या आधी झिजलंय यावरून काय ते समजा.

शेल कसं ओळखायचं ते सांगते. दोन्ही हातात धरून थोडं वाकवायचं. पहिला वाला वाकतच नव्हता, कडक आणि ठिसूळ, म्हणून चिरला. हा थोडा वाकतो आणि लगेच परत येतो. मग उलटा करून फोम अंगठ्यानं दाबायचा, अंगठा थेट प्लॅस्टिकला लागला तर ठेवून द्यायचा. शेलचं काम मार पसरवायचं, बुटाच्या तळाच्या एका स्टडचा, म्हणजे खुंटीचा, जोर सगळ्या नडगीवर वाटून द्यायचा, आणि फोमचं काम तो मुरवायचा, दोन्ही पाहिजेत, एकानं भागत नाही. पाकिटावर ईएन १३०६१ लिहिलंय का बघा, तो युरोपातला शिनगार्डचा टेस्टचा नंबर आहे, आमच्यावर आहे. आणि डावा उजवा वेगळा असतो बऱ्याच जोड्यांत, घोट्याच्या पॅडवर बारीक अक्षर असतं, पहिले दोन आठवडे ती उलटे घालत होती आणि टोचतंय टोचतंय म्हणत होती, आता मी मार्करनं मोठं डा आणि उ लिहून ठेवलंय.

या सहा महिन्यांत मार किती बसले मोजले नाहीत पण शेलवर ओरखडे आहेत, एका ठिकाणी खोल खड्डा आहे स्टडचा, गोल. त्या दिवशी तिच्या नडगीवर काय होतं तर थोडी लाली, सकाळपर्यंत गेली. मला या खड्ड्याकडे बघून बरं वाटतं. पैसे तिथेच वसूल झाले.

आता तक्रारी. वेल्क्रो चार महिन्यांत सैल झाला, केस आणि गवत अडकून. जुन्या टूथब्रशनं घासला की थोडे दिवस धरतो, मग वरचा पट्टा मी काढून नवा शिवला, दाभणानं आणि जाड दोऱ्यानं, कारण साध्या सुईला ते जात नाही. तळव्याखालचं इलॅस्टिक बुटात गोळा होतं, तिला पहिला महिनाभर त्याची सवय नव्हती, आता काही बोलत नाही. गरम होतं, मार्चमध्ये काय होईल बघायचंय. आणि वास. पावसाळ्यात कोल्हापुरात काही वाळत नाही हे तुम्हाला माहितीच आहे, त्यात हे फोमचं जाडं प्रकरण, पहिल्या आठवड्यात गॅलरीतून घरात आणू नका असं आजींनी सांगितलं. यावर उपाय सापडला तो असा, शेल खिशातून बाहेर येतं का बघूनच घ्या. आमचं येतं. शेल ओल्या फडक्यानं पुसायचं, कापड साबणाच्या कोमट पाण्यात हातानं धुवायचं, मशीनला नाही, आणि रात्रभर आत वर्तमानपत्राचे बोळे घालून पंख्याखाली. शेल निघत नाही असली जोडी पावसाळ्याच्या गावात घेऊ नका एवढं खात्रीनं सांगते. आणि डायरेक्ट कातडीला लावू देऊ नका, आत पातळ मोजा घातला की पुरळ येत नाही, तिला आलं होतं पोटरीवर, मोजा घातल्यावर गेलं.

हे झालं वस्तूचं. पण जे मला खरं लिहायचं होतं ते आता येतंय.

२७ जुलैला बाझलला फायनल झाली, इंग्लंड आणि स्पेन, १-१, पेनल्टीवर इंग्लंड ३-१ जिंकलं. ब्राँझ एक्स्ट्रा टाइममध्ये गुडघा दुखावून बाहेर गेली होती. आणि मॅच संपल्यावर तिनं सांगितलं की ती सगळी स्पर्धा नडगीचं हाड फ्रॅक्चर असताना खेळली. टिबिया. म्हणजे नेमकी तीच जागा जिच्यासाठी आम्ही पंधरा दिवस दुकानं पालथी घालत होतो. हेडर, एकशेवीस मिनिटं, ती पेनल्टी, सगळं त्या हाडावर. माझ्या लेकीनं ते ऐकलं आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला अभिमान पण वाटला आणि पोटात गोळा पण आला.

तो गोळा दिवाळीनंतर खरा ठरला. सुट्टीत पोरं डांबरी रस्त्यावर खेळायची, मग सुट्टी संपल्यावर एकदम रोजची प्रॅक्टिस आणि शाळेच्या मॅच पण. मला एक दिवस दिसलं की ती जिना उतरताना कठडा धरतेय. विचारलं तर काही नाही. दुसऱ्या दिवशी स्टॉकिंग घालताना तोंड वाकडं. मी बसवलं, नडगीच्या आतल्या बाजूला खालपर्यंत बोट फिरवलं, तर एका ठिकाणी हाताच्या वरच हात आला तिचा, झटकन. आठ दिवस दुखत होतं. आठ दिवस सांगितलं नाही. का नाही सांगितलं म्हटल्यावर म्हणाली, "ब्राँझ फ्रॅक्चरवर खेळली, मला तर नुसतं दुखतंय."

हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं, एक्स-रे काढला, फ्रॅक्चर नव्हतं. शिन स्प्लिंट म्हणाले, हाडाला आणि त्याला चिकटलेल्या स्नायूंना झेपेल त्यापेक्षा जास्त धावणं, कडक जमीन, तीन आठवडे पळायचं नाही. मी त्यांना विचारलं, चांगला शिनगार्ड घातलाय तरी कसं, तर ते म्हणाले शिनगार्ड बाहेरच्या मारासाठी असतो, हे आतून येणारं दुखणं आहे, त्याला शिनगार्ड काही करत नाही, त्याला विश्रांतीच. हे मला माहीत नव्हतं म्हणून इथे मुद्दाम लिहितेय. ७९० रुपयांची वस्तू लाथ अडवते, जास्तीचं धावणं अडवत नाही.

त्या तीन आठवड्यांत आम्ही दोघींनी ब्राँझचं सगळं वाचून काढलं. मला तिला दाखवायचं होतं की ती एक पेनल्टी म्हणजे ब्राँझ नव्हे.

जन्म १९९१ चा, बेरिक गावचा, इंग्लंडच्या पार उत्तरेला स्कॉटलंडच्या हद्दीवर. वडील पोर्तुगीज, आई इंग्लिश, आणि आईचं माहेरचं आडनाव टफ, ते लुसीच्या नावात मधे आहे, माझ्या लेकीला वाटलं टोपणनाव आहे, तर खरं नाव आहे. लहानपणी अल्निकला पोरांच्या टीममध्ये खेळायची. बारा वर्षांची झाली आणि नियमानं बंद, मुलींनी त्या वयानंतर मुलांसोबत खेळायचं नाही असा तेव्हा तिथे नियम होता. हे वाचताना लेक गप्प झाली. आमच्याकडे असा कागदावर नियम नाही, पण ती ज्या चार पोरींसोबत सुरू झाली त्यातल्या एकीला आता घरून येऊ देत नाहीत, मोठी झाली म्हणून. नियम कागदावर नसला तरी असतोच.

मग संडरलँड क्लब, मग अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटीत एक वर्ष, २००९ ला तिथली कॉलेजची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. परत आली, एव्हर्टन, शिक्षण चालूच, आणि खर्च भागवायला पिझ्झाच्या दुकानात काम. गुडघ्याची ऑपरेशनं झाली, एक नाही. हे मी तिला दोनदा वाचून दाखवलं, की बघ ऑपरेशन झाल्यावर ती थांबली होती, महिनेच्या महिने, व्यायाम केले, मग आली. थांबणं पण तिच्या करिअरमध्ये आहे.

पुढची यादी लेकीला पाठ आहे, मी तिच्याच तोंडून ऐकून लिहिते. लिव्हरपूलकडून २०१३ आणि २०१४ ची लीग, मँचेस्टर सिटीकडून २०१६ ची, मग फ्रान्सला ल्यों, तिथे २०१८, २०१९, २०२० अशा लागोपाठ तीन चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा. २०१८ च्या सेमीफायनलला ल्यों विरुद्ध सिटी, म्हणजे तिचाच आधीचा क्लब, एकच गोल झाला आणि तो हिनंच मारला. परत सिटी, मग बार्सिलोना, २०२३ आणि २०२४ च्या अजून दोन चॅम्पियन्स लीग. २०२४ ला चेल्सी, पहिल्याच सीझनला इंग्लंडमधल्या तिन्ही ट्रॉफ्या आणि लीगमध्ये एकही हार नाही. २०१९ ला युरोपची सगळ्यात चांगली खेळाडू आणि २०२० ला फिफाची जगातली सगळ्यात चांगली, दोन्ही बक्षिसं बायकांमध्ये पहिल्यांदा एका डिफेंडरला मिळाली. बक्षिसं गोल मारणाऱ्यांना जातात हे सगळ्यांना माहीत आहे, आमच्या शाळेच्या स्पर्धेत पण तसंच, म्हणून हे मला फार मोठं वाटतं.

पण मला सगळ्यात जास्त भिडलं ते २०२३ चं. सिडनीत वर्ल्ड कपची फायनल, स्पेनविरुद्धच. ब्राँझ उजवीकडून बॉल घेऊन आत घुसली, मधे बॉल गेला, तिची जागा मोकळी राहिली, तिथूनच स्पेन आलं आणि २९ व्या मिनिटाला ओल्गा कार्मोनानं गोल केला. १-० नं हरले. डिफेंडरची चूक अशीच असते, फॉरवर्ड पाच चान्स घालवून सहावा मारतो आणि सगळे खांद्यावर घेतात, डिफेंडरनं नव्वद मिनिटांत एकदा जागा सोडली की तेच दाखवतात पुन्हा पुन्हा. आणि समोर स्पेनच्या टीममध्ये तिच्या बार्सिलोनाच्या मैत्रिणी. त्यानंतर वर्षभर त्यांच्याचसोबत एका ड्रेसिंग रूममध्ये बसायचं, त्यांच्यासोबत ट्रॉफी जिंकायची, आणि दोन वर्षांनी पुन्हा त्यांच्यासमोर फायनलला उभं राहायचं, तेही त्या पायानं. मी लेकीला म्हटलं, तुला पट्टी काढून फेकलेली आठवते ना, मला ही दोन वर्षं आठवतात.

आणि फ्रॅक्चरचं मी तिला सरळ सांगितलं. ती तेहेतीस वर्षांची होती, तिचं हाड वाढायचं संपलेलं, तिनं कळून सवरून ठरवलं. तुझं हाड अजून वाढतंय. तू ठरवायचं वय होईपर्यंत दुखलं की मला सांगायचं, त्याच दिवशी. तिनं मान हलवली. परवा सांगितलं पण, बोट मुरगळलं होतं, हाताचं, त्याचा पायाशी काही संबंध नाही पण आली सांगायला, मला तेवढ्यानंही बरं वाटलं.

तिला आपल्याकडची पण डिफेंडर दाखवली, आशालता देवी, मणिपूरची, भारताची कॅप्टन राहिलेली, २०२४ च्या सॅफ म्हणजे दक्षिण आशियाच्या स्पर्धेत भारताकडून शंभर मॅच पूर्ण करणारी पहिली बाई. २०२२ च्या आशिया कपला नवी मुंबईत डी. वाय. पाटीलवर इराणशी ०-० झालं होतं तेव्हा हीच कॅप्टन होती, आणि मग टीममध्ये कोविड निघाला आणि पुढची मॅच खेळताच आली नाही. आपल्याच राज्यात स्पर्धा, आणि आपलीच टीम अशी बाहेर, ते आठवलं की अजून वाईट वाटतं. आता लेकीच्या कपाटाच्या दारावर दोघींची चित्रं आहेत, वर ब्राँझ, खाली आशालता, जागा कमी म्हणून वर खाली, दुसरं काही नाही.

पुन्हा वस्तूकडे येते. कोणी विचारेल की मग नेमकं कोणासाठी घ्यावा. दहा ते पंधरा वर्षांच्या, डिफेन्सला किंवा मिडफिल्डला खेळणाऱ्या, आणि आपल्यापेक्षा मोठ्यांशी खेळायला लागणाऱ्या पोरापोरींसाठी हाच घ्या, घोट्याच्या कव्हरचा, शेल निघणारा. गोलकीपरचं मला माहीत नाही. ज्यांना ऑनलाइन घ्यायचाय त्यांनी शेलची लांबी सेंटिमीटरमध्ये दिलीय का बघा, नसेल तर विचारा, उत्तर आलं नाही तर घेऊ नका. पाचपैकी मी चार देते, एक वेल्क्रोसाठी कापला. आणि घालायचा क्रम, आधी पातळ मोजा, मग शिनगार्ड, मग स्टॉकिंग गुडघ्यापर्यंत, मग बूट. घाईत पोरी बूट आधी चढवतात आणि मग तळव्याखालचा पट्टा राहतोच, तो राहिला की पूर्ण शिनगार्ड पळताना गोल फिरून पोटरीकडे जातो.

गेल्या रविवारी पुन्हा माप घेतलं, साडेबावीस आलं. म्हणजे सहा महिन्यांत दीड सेंटिमीटर. ही जोडी आता तिला वरून आखूड पडतेय, पण शेल धड आहे, पट्टा मी नवा शिवलेलाच आहे, म्हणून स्वच्छ धुऊन ग्रुपमध्ये नव्यानं आलेल्या एका नऊ वर्षांच्या पोरीला देऊन बघितली, तिला अजून मोठी होतेय, खाली घोट्यावर टेकते. तिच्या आईला टेप देऊन कसं मोजायचं ते दाखवलं. आमची एलची जोडी उद्या घ्यायची आहे, त्याच दुकानातून, तो पाकिटं उघडून देणारा मुलगा असला तर बरं होईल.